मदत हवी आहे : पायथनच पक्की करावी की सी प्लस प्लस शिकावी?

नमस्कार मंडळी. गच्चीवरील कुंड्यांना मातीचा ओलावा पाहून आपोआप पाणी देणारे यंत्र स्वतः तयार करावे, या इच्छेने मी निवृत्तीनंतर, वयाच्या ६३व्या वर्षी, प्रोग्रामिंग शिकू लागलो आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेली पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मला मनापासून आवडली. तिच्यात ७ ला २ ने भागले की उत्तर सरळ ३.५ येते, सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत मात्र दोन्ही संख्या पूर्णांक असल्यास ३ येते, आणि ओलाव्याच्या सरासरीतील चूक याच कारणाने मला दोन दिवस सापडत नव्हती.

अडचण अशी की माझ्याकडील आर्डुइनो उनो या सेन्सर जोडता येणाऱ्या छोट्या बोर्डाची रॅम (काम करताना वापरायची स्मृती) अवघी २ किलोबाइट असल्याने त्यावर मायक्रोपायथन, म्हणजे छोट्या बोर्डांसाठीची पायथन, चालत नाही. २६४ किलोबाइट रॅम असलेल्या रास्पबेरी पाय पिको या दुसऱ्या बोर्डावर ती चालते. तेव्हा नवा बोर्ड घेऊन पायथनच पक्की करावी, की आहे त्याच बोर्डावर सी प्लस प्लस चिकाटीने शिकावी? ज्यांनी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत, त्यांनी सेन्सरच्या रोजच्या नोंदी साठवणे कोणत्या भाषेत सोपे गेले, हेही कृपया सविस्तर सांगावे.