अनुभव धागा: कपातीची नोटीस, राजीनामा आणि आपला हक्क

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कोणाची नोकरी कधी जाईल याचा भरवसा राहिलेला नाही. तुम्हाला किती आधी कळवलं, कशावर सही मागितली, हातात काय पडलं, ते लिहा. कंपनीचं नाव नको, कायद्याचं कलम माहीत असेल तर जरूर द्या.

रबाळे, मशीन ऑपरेटर
2019 ची गोष्ट. पाळी सुटताना गेटवरच अडवलं. टेबलावर राजीनामे छापून तयार, फक्त नाव नि सही करायची. "सही करा, चेक घ्या," साहेब म्हणाले. स्टोअरमधले काका जुने युनियनवाले. त्यांनी कागद पालथा घातला. "पोरांनो, राजीनामा दिलात तर कपात झालीच नाही असं होईल."
अगदी खरं. तेव्हा लागू असलेला औद्योगिक विवाद कायदा 1947, कलम 25एफ: वर्षभर सलग नोकरी झाली असेल (240 दिवस भरले तरी चालतं), तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. सही न केलेले आम्ही ठाण्याला कामगार उपायुक्तांकडे गेलो. समेटाच्या बैठकीत कंपनीने भरपाई मान्य केली. ज्यांनी गेटवरच सही दिली त्यांच्यासाठी अजून जीव तुटतो. घरी हप्ते थकलेले, करणार काय?

ऐरोली, आयटी
सकाळी मीटिंगचं बोलावणं, दुपारी लॅपटॉप बंद. आमच्याच प्रोजेक्टवरच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांना मात्र 60 दिवस आधी नोटीस, कारण तिथे 1988 चा वॉर्न कायदा आहे. याचा मला फार संताप येतो. एचआर म्हणे, तुम्ही 'लीड', कामगार नाही, म्हणून कपातीचा कायदा तुम्हाला लागू नाही. वकीलबाईंनी पहिलंच विचारलं, "तुझ्या टीममधल्यांची रजा कोण मंजूर करतं?" मॅनेजर. मग पद काहीही असो, प्रत्यक्ष काम काय ते बघतात. मी कोड लिहायचे, त्याचे मेल जपून ठेवलेत. प्रकरण चालू आहे.

वागळे इस्टेट
माझ्या मिस्टरांची ग्रॅच्युइटी अडवून ठेवली होती. पाच वर्षं झाली असली की ती 30 दिवसांत द्यावीच लागते. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, मग हालचाल झाली.

महापे, क्वालिटी विभाग
21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. आधी 100 कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागायची, आता ती मर्यादा 300 वर गेली. म्हणजे आमच्यासारखे दीडशेजणांचे कारखाने सुटले. हे मला अजिबात पटत नाही. नोटीस आणि भरपाई मात्र कायम आहे, आणि वेतन संहितेप्रमाणे पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. आमच्याकडच्या कंत्राटी पोरांना ठेकेदाराने नुसतं फोनवर "उद्यापासून येऊ नका" सांगितलं. ठेकेदाराकडून कोणी भरपाई मिळवली असेल तर कसं ते लिहा, मी त्यांना आजच कळवतो.