पीईजी कोटिंग पहिल्या दिवशी मस्त, सहाव्या दिवशी प्रोटीन चिकटतंय, चुकतंय कुठे?

ओला_थेंब:
पीडीएमएसचे, म्हणजे सिलिकॉन रबराचे, तुकडे ऑक्सिजन प्लाझ्मात (पृष्ठभाग पाणी धरणारा करणाऱ्या विद्युतभारित वायूत) घालून लगेच मेथॉक्सी पीईजी सिलेन लावते (पीईजी म्हणजे प्रोटीन दूर ठेवणारं पॉलिमर, सिलेन म्हणजे त्याला पृष्ठभागाशी जोडणारं टोक), रेणुभार 5000, मग धुवून वाळवून झाकणाच्या डिशमध्ये ठेवते. पहिल्या दिवशी एफआयटीसी हा हिरवा चमकणारा रंग लावलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) तासभर ठेवून धुतलं की मायक्रोस्कोपखाली सगळं काळं दिसतं आणि कोरा तुकडा हिरवागार, म्हणजे कोटिंग बसलंय. पण त्याच बॅचचा तुकडा सहाव्या दिवशी काढला तर हिरवे डाग, कडेला जास्तच. पाण्याचा थेंबही आधी पसरायचा, आता मण्यासारखा उभा राहतो. दोन महिने यात गेलेत, पीईजीच सोडून दुसरं पॉलिमर घ्यावं का?

पृष्ठभाग:
थेंबानेच उत्तर दिलंय की! तुझं पीईजी बिघडलेलं नाही, त्याच्या खालची जमीन सरकलीय. पीडीएमएसमध्ये क्रॉसलिंक न झालेल्या, म्हणजे जाळ्यात न जोडलेल्या, बारक्या साखळ्या राहतात, प्लाझ्मानंतर त्या आतून हळूहळू वर येतात आणि पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकायला लागतो, कोरडं ठेवलं तर फारच लवकर. मग प्रोटीन पीईजीवर नाही, मधल्या फटींत बसतं. प्लाझ्माच्या आधी तुकडे सॉल्व्हंटमध्ये भिजवून त्या साखळ्या काढून टाक, नंतर तुकडे पाण्यात ठेव, आणि सगळ्यात आधी हेच सिलेन त्याच दिवशी काचेच्या स्लाइडवर लावून बघ, काचेत वर यायला काहीच नसतं त्यामुळे दोष पीडीएमएसचा की सिलेनचा ते लगेच कळेल.

दाट_ब्रश:
वरचं पटलं, पण बीएसएवर एवढा विश्वास ठेवू नकोस गं. रक्तात अल्ब्युमिन भरपूर म्हणून ते आधी येऊन बसतं आणि मग जास्त घट्ट चिकटणारी प्रोटीनं त्याला उठवून जागा घेतात, यालाच व्रोमन इफेक्ट म्हणतात. फायब्रिनोजन हे रक्त गोठवणारं प्रोटीन चिकटलं की त्याला प्लेटलेट्स धरतात आणि गुठळीची सुरुवात तिथून होते, त्यामुळे फायब्रिनोजन आणि अख्खा सीरम दोन्ही लावून बघच. आणि मायक्रोस्कोपला काळं म्हणजे शून्य नव्हे, अल्ट्रालो म्हणतात ते दर चौरस सेंटीमीटरला 5 नॅनोग्रॅमच्या खाली, ते बघायला एसपीआर किंवा क्यूसीएम (पृष्ठभागावर बसलेलं नॅनोग्रॅमभर वस्तुमान मोजणारी यंत्रं) लागतं. दुसरं म्हणजे पीईजीच्या तयार साखळ्या बाहेरून आणून चिकटवल्या की आधी बसलेल्या साखळ्या पुढच्यांना जागाच देत नाहीत, कोटिंग विरळ राहतं. जास्त मीठ घातलेल्या गरम द्रावणात पीईजी आकसतं, तसं लावलं तर तेवढ्याच जागेत जास्त साखळ्या मावतात.

मीठपाणी:
मी सल्फोबीटेन या झ्विटरआयनवाल्या पॉलिमरवर काम करतो म्हणून सांगतो, ही पॉलिमर्स खरंच छान आहेत. साखळीच्या एकाच घटकावर प्लस आणि मायनस दोन्ही भार असल्याने पाणी इतकं घट्ट धरून ठेवतात की प्रोटीनला ते बाजूला सारणं परवडत नाही. याच जातीचं फॉस्फोरिलकोलीनवालं एमपीसी तर कॉन्टॅक्ट लेन्समध्येही वापरलं जातं. पीईजीचं दुखणं म्हणजे ऑक्सिजन आणि धातूचे आयन असले की साखळी तुटत जाते, महिनोन्‌महिने शरीरात राहणाऱ्या वस्तूसाठी हा मोठा प्रश्न. पण सहा दिवसांत डाग दिसण्याचं कारण ते नसावं, त्यामुळे पॉलिमर आत्ता बदलू नकोस, याच जमिनीवर माझं सल्फोबीटेन लावलंस तरी हेच होईल. पुढे बदलायचंच ठरवलंस तर एटीआरपीने (एकेक घटक जोडत साखळी वाढवण्याची रासायनिक पद्धत) पृष्ठभागावरूनच साखळ्या वाढव, पण ऑक्सिजन नीट काढ, माझ्या पहिल्या तीन बॅच त्यातच गेल्या.

ओला_थेंब:
सगळ्यांचे मनापासून आभार. काच करून बघितली, सहाव्या दिवशीही काळी आणि थेंब अजून पसरतोय! त्याच दिवशीचा कोरडा ठेवलेला पीडीएमएस पुन्हा डागाळलाय, पाण्यात ठेवलेल्यावर फक्त एका कोपऱ्यात थोडं हिरवं आहे, चिमट्याने धरते नेमकी तिथे. आता नवे तुकडे सॉल्व्हंटमध्ये भिजत घातलेत, फायब्रिनोजन पण मागवलंय, निकाल इथेच टाकते.