मदत हवी आहे: जुन्या प्लिमथ गाडीचे चाक निघत नाही

बार्शीकर:
सर्वांना नमस्कार. आमच्या घरच्या जुन्या प्लिमथ गाडीच्या चाकाचे बोल्ट सुटत नाहीत. गॅरेजवाल्याने पान्ह्याला लांब पाइप लावून जोर केला तेव्हा एका बोल्टचे डोके तुटून हातात आले, आणि आता तो गाडीला हात लावायलाही तयार नाही. गाडी बरीच वर्षे वाड्यामागच्या गोठ्यात उभी आहे. टायर पार बसले आहेत, आणि महिनाअखेरीस गोठा पाडायचा असल्यामुळे त्याआधी चाके बदलून ती ढकलत बाहेर काढणे भाग आहे. कृपया नेमका उपाय सांगावा. तेल सोडा आणि थांबा, हा सल्ला ऐकून झाला आहे. कंपनीच बंद पडलेली असल्याने सुटे भाग कोठे मिळतील, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

गंजशत्रू:
तेल सोडून थांबा असा सल्ला आपण ऐकला असेल, परंतु कोणते तेल हे बहुधा कोणी सांगितले नसेल. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून बोल्टच्या मुळाशी सोडावे आणि दिवसातून दोनदा हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्यावेत. बाजारातील फवारे महाग असतात आणि माझ्या अनुभवात या मिश्रणापुढे त्यांचे काही चालत नाही. मात्र अ‍ॅसिटोन पेट घेतो, त्यामुळे गोठ्यात कडबा असल्यास तो आधी हलवावा.

पान्हा आणि पक्कड:
उपाय सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. गाडी कोणत्या सालची आहे? चाक पुढचे की मागचे, डावे की उजवे? चाक नटाने बसवलेले आहे की हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या भागात) शिरणाऱ्या बोल्टने? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गॅरेजवाल्याने पान्हा कोणत्या दिशेने फिरवला?

बार्शीकर:
पान्हा जसा फिरवतात तसाच फिरवला, दुसरा कसा फिरवणार? गाडी जुनी आहे, पन्नासच्या दशकातली असावी. कागदपत्रे आजोबांच्या कपाटात असून त्याची किल्ली सध्या काकांकडे आहे. बोल्टच आहेत, एका चाकाला पाच.

अर्धवटराव:
प्लिमथ कंपनी १९६० मध्येच बंद पडली, त्यामुळे सुटे भाग मिळण्याची आशा सोडून द्यावी, असे माझे मत आहे. एवढी वर्षे कोणताही व्यापारी माल सांभाळून ठेवत नाही.

डेट्रॉइटजवळचा:
वरील विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे. १९६० च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली ती डिसोटो. दोन्ही नावे क्रायस्लर या अमेरिकन कंपनीचीच असल्यामुळे हा गोंधळ नेहमी होतो. प्लिमथ ही स्वतंत्र कंपनी नव्हती. फोर्ड आणि शेव्हरोलेच्या स्वस्त गाड्यांना तोंड देण्यासाठी वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२८ मध्ये बाजारात आणलेली ती शाखा होती. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक त्या किमतीच्या गाडीला पहिल्यापासून देणे आणि १९३१ मध्ये इंजिन रबरी आधारांवर तोलून कंप कमी करणे, या दोन गोष्टींनी मंदीच्या काळातही तिने विक्रीत तिसरा क्रमांक मिळवला आणि पुढे जवळजवळ दोन दशके टिकवला. घसरण पुष्कळ नंतरची आहे. सत्तरच्या दशकापासून तीच गाडी पुढची जाळी बदलून क्रायस्लरच्याच डॉज या नावानेही विकली जाऊ लागली, तेव्हा प्लिमथला स्वतःचे असे काही उरले नाही. १९९८ मध्ये क्रायस्लर आणि डाइमलर-बेंझ एकत्र आले, पुढच्या वर्षी प्लिमथ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि शेवटची प्लिमथ, निऑन नावाची साधी छोटी गाडी, २८ जून २००१ रोजी इलिनॉयमधील बेल्विडेअरच्या कारखान्यातून बाहेर पडली.

आता आपल्या बोल्टांविषयी. त्या काळच्या क्रायस्लरच्या सर्व गाड्यांना ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. त्या बाजूचे बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटतात. आपल्या गॅरेजवाल्याने ते सोडवले नसून आवळले असावेत.

बार्शीकर:
आपण सांगितल्याप्रमाणे ड्रायव्हरच्या बाजूला काट्यांच्या दिशेने जोर लावला. बोल्ट जागचे हलले नाहीत. मुळात त्या बाजूचे बोल्ट आधी थोडे सैल झालेले होते, ते आता पुन्हा घट्ट बसले आहेत. कृपया खात्री करून सल्ला द्यावा.

पान्हा आणि पक्कड:
थांबा, पुढे काहीही करू नका. डेट्रॉइटजवळचे सदस्य अमेरिकेतील ड्रायव्हरविषयी बोलत आहेत, आणि तो डावीकडे बसतो. आपल्या गाडीचे सुकाणू उजवीकडे असणार. उलटे आटे गाडीच्या डाव्या अंगाला असतात, मग ड्रायव्हर कोठेही बसो. डावे अंग म्हणजे गाडीत बसून समोर पाहताना डाव्या हाताला येणारे. गाडीसमोर उभे राहून ठरवू नये. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात ना, तोच हा विचार आहे: पुढे फिरणाऱ्या चाकाने बोल्ट सैल होऊ नये, अशी त्या अभियंत्यांची कल्पना होती, आणि क्रायस्लरने ती जवळजवळ १९७० पर्यंत सोडली नाही. तुटलेला बोल्ट कोणत्या अंगाचा आहे, हे अजूनही आपण सांगितलेले नाही.

डेट्रॉइटजवळचा:
माझ्याकडे ड्रायव्हर डावीकडेच बसतो आणि येथील सर्व पुस्तिकांत तसेच लिहिलेले असते. तरीही शंका नको म्हणून बोल्टचे डोके तारेच्या ब्रशने घासून पाहावे. उलट्या आट्यांच्या बोल्टवर इंग्रजी एल हे अक्षर कोरलेले असते. ही खूण बाजूपेक्षाही अधिक भरवशाची आहे, कारण इतक्या वर्षांत कोणी ब्रेकचे ड्रम आणि हब इकडचे तिकडे केले असतील, तर बाजूचा नियम लागू पडणार नाही.

डिझेलवाला:
आपण सर्व जण बोल्टात अडकलेले आहात, खरा प्रश्न पुढे आहे. ही गाडी पेट्रोलवर परवडणार नाही. तिच्यात अँबॅसॅडरचे डिझेल इंजिन बसवून घ्यावे. एके काळी अशा अमेरिकन गाड्या डिझेलवर टॅक्सी म्हणून सर्रास चालत. सहा व्होल्टची बॅटरीही काढून बारा व्होल्टची बसवावी, म्हणजे दिवे नीट लागतील.

फाइलवाले काका:
डिझेल इंजिन बसवल्यास गाडीची जुनी गाडी म्हणून नोंदणी करणे कठीण होईल, हे लक्षात घ्यावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मात्र सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते, नूतनीकरणास ५,००० रुपये लागतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीसाठी आणता येते. त्यामुळे काकांकडून कपाटाची किल्ली लवकर मिळवावी.

डिझेलवाला:
रोज वापरता येत नसेल तर ती गाडी कसली? कागदासाठी गाडी की गाडीसाठी कागद, हे आधी ठरवावे लागेल.

पान्हा आणि पक्कड:
डिझेल इंजिनाचा वाद कृपया वेगळ्या धाग्यावर न्यावा. येथे चाक अजून गाडीलाच आहे. बारा व्होल्टचा विषय निघाला म्हणून एवढेच सांगतो, की १९५५ पर्यंतच्या प्लिमथमध्ये सहा व्होल्टची बॅटरी असते आणि तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. सवयीने ऋण टोक सांगाड्याला जोडून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

बार्शीकर:
डोकी घासून पाहिली. मागच्या डाव्या चाकाच्या चारही शिल्लक बोल्टांवर एल आहे. तुटलेल्या डोक्यावरही आहे. ते गॅरेजवाल्याने भंगाराच्या डब्यात टाकले होते, तेथून शोधून आणले. काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर चारही बोल्ट सुटले, त्यांतला एक तर हाताने फिरावा इतका सहज. उजवीकडचे मी सरळ दिशेने सोडवले. आता तुटलेल्या बोल्टचा तुकडा हबमध्ये आहे. गॅरेजवाला एझी आउट (तुटलेला बोल्ट बाहेर काढण्याचे अवजार) लावतो म्हणतो. लावू द्यावे का?

गंजशत्रू:
एझी आउट उत्तम. आधी माझे मिश्रण सोडावे.

पान्हा आणि पक्कड:
एझी आउट लावू देऊ नये. बाजारात मिळणाऱ्या एझी आउटचे दात डावीकडे वळलेले असतात, म्हणजे ते उलट दिशेने फिरवत तुकड्यात रुतवायचे असते आणि त्याच दिशेने नेहमीचा बोल्ट सुटतो. आपला बोल्ट त्याच दिशेने आवळला जातो. त्या दिशेने जोर केला तर एझी आउट आत तुटेल, आणि ते इतके कडक पोलादाचे असते की पुढे ड्रिलही त्यावर चालणार नाही.

आपल्याला मात्र एक सोय आहे, जी नेहमीच्या बोल्टाच्या बाबतीत मिळत नाही. साधे ड्रिल काट्यांच्या दिशेने फिरते आणि उलट्या आट्यांचा बोल्ट त्याच दिशेने सुटतो. तुकड्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करावी, आधी बारीक आणि मग थोडे मोठे ड्रिल कमी वेगाने, तेल देत चालवावे. पुष्कळदा ड्रिल तुकड्यात अडकते आणि तुकडा त्याच्याबरोबर फिरत बाहेर येतो. मध्य चुकवू नये, कारण ड्रिल आट्यांवर गेले तर हबचे आटे जातात. तसे झाल्यास अर्धा इंच व्यासाचा, इंचाला वीस आट्यांचा, डावा टॅप (आटे पाडण्याचे अवजार) लागेल. तो मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर विचारून पाहावा, साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही.

ब्रेकवाला:
चाक निघालेच आहे तर मागचा ड्रमही काढून घ्यावा. मात्र या गाड्यांचा मागचा ड्रम निमुळत्या अ‍ॅक्सलवर चावी घालून बसवलेला असतो, त्यामुळे तो नुसता ओढून येत नाही. कडेला पकडणारा दोन पायांचा पुलर (ड्रम ओढून काढण्याचे अवजार) लावल्यास ड्रमची कड वाकते. बोल्टांच्या भोकांत पकडणारा जड पुलरच वापरावा, आणि अ‍ॅक्सलचा नट पूर्ण न काढता काही आटे सैल करून टोकावर ठेवावा, म्हणजे ड्रम सुटताना अंगावर उडणार नाही.

बार्शीकर:
ड्रमविषयी मी विचारलेले नाही. गाडी फक्त गोठ्याबाहेर काढायची आहे.

ब्रेकवाला:
इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे मागचे ब्रेक ड्रमला चिकटलेले असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असल्यास नवे टायर घालूनही चाक फिरणार नाही. म्हणून सांगितले. जॅक लावल्यावर चाक हाताने फिरवून पाहावे.

बार्शीकर:
तुकडा निघाला. दुसऱ्या आकाराचे ड्रिल आत शिरताच तो फिरू लागला. हबचे आटे शाबूत आहेत. चाक मात्र फिरत नाही, हेही खरे आहे. ड्रमचा पुलर कोणाकडे भाड्याने मिळेल का? आणि सुट्या भागांच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

डेट्रॉइटजवळचा:
सुट्या भागांची स्थिती आपण समजता तितकी वाईट नाही. इंजिनच्या डाव्या अंगाला, डायनॅमोच्या वर कोरलेला क्रमांक पाहावा. तो पी २३ ने सुरू होत असेल तर गाडी १९५१ किंवा १९५२ ची आहे. त्या दोन वर्षांच्या गाड्यांत फरक इतका थोडा आहे की जाणकारही चिन्हावरून ओळखतात. सहा सिलिंडरचे हे साइड व्हॉल्व्ह इंजिन डॉज गाड्यांत, ट्रकांत आणि पुढे कारखान्यांतील यंत्रांतही वापरले गेले, त्यामुळे त्याचे गॅस्केट, बेअरिंग, पाण्याचा पंप येथे आजही नवे विकत मिळतात. फक्त हेड गॅस्केट मागवण्यापूर्वी हेडची (इंजिनावरच्या झाकणाची) लांबी मोजावी. अमेरिकेतील प्लिमथचे हेड सुमारे २३ इंचांचे असते, कॅनडात बनलेल्या इंजिनाचे सुमारे २५ इंचांचे. एकाचे गॅस्केट दुसऱ्याला बसत नाही.

फाइलवाले काका:
आपल्याकडेही शोधता येईल. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात प्लिमथ, डॉज आणि डिसोटो या तिन्ही नावांच्या गाड्या जोडल्या होत्या. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या वास्तविक प्लिमथच्याच बॉडीवर दुसरे चिन्ह लावलेल्या गाड्या आहेत. दुकानदाराकडे केवळ प्लिमथचे भाग मागितल्यास तो नाही म्हणेल, किंग्जवेचे मागितल्यास कदाचित निघतील.

अर्धवटराव:
डिसोटो १९६० मध्ये बंद झाली, हे मी आधीच सांगितले होते.

बार्शीकर:
इंजिनवर पी २३ आहे. सर्वांचे आभार. आता शेवटचा प्रश्न: डावीकडचे दहाही बोल्ट आणि त्यांचे आटे सरळ करून घ्यावेत का, म्हणजे पुन्हा कोणी ते तोडणार नाही?

डिझेलवाला:
अवश्य करून घ्यावेत.

पान्हा आणि पक्कड:
करू नयेत. हबमध्ये भोक मोठे करून नवे आटे पाडणे म्हणजे चांगला हब कमजोर करणे होय. जुने बोल्ट साफ करून घ्यावेत, तुटलेल्या बोल्टच्या जागी एल खुणेचा नवा मागवावा, डावे आणि उजवे बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत आणि चाकाच्या आतल्या बाजूला रंगाने बाण काढून ठेवावा. चाक बसवताना हबवरची खुंटी चाकाच्या छोट्या भोकात बसली आहे ना, हे आधी पाहावे, नाहीतर बोल्टची भोके जुळणार नाहीत. पुलर माझ्याकडे आहे, मी सोलापुरात असतो. भाडे नको, पण तो आपण स्वतः येऊन न्यावा आणि गॅरेजवाल्याच्या ताब्यात देऊ नये.