‘परफॉर्मन्स आर्ट’ला मराठीत काय म्हणायचं? प्रयोगकला, सादरीकरण की आणखी काही?

वेलांटी
एका अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका मराठीत आणतेय. विषय परफॉर्मन्स आर्ट, म्हणजे कलावंत स्वतःचा देह आणि कृती हीच कला म्हणून लोकांपुढे ठेवतो ती; अर्धं नाट्यशिक्षण, अर्धं दृश्यकलेचं. मी सगळीकडे ‘प्रयोगकला’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘सादरीकरण कला’ केलं, कारण त्यांना ‘प्रयोगकला’ वाचून प्रायोगिक चित्रकला वाटली. पण विद्यार्थी वर्गात पडद्यावर पानं दाखवून बोलतात त्यालाही पुस्तिकेत सादरीकरणच म्हटलंय. शिवाय ‘परफॉर्मिंग आर्ट्‌स’ (नाटक, नृत्य, संगीत) वेगळंच येतं, त्याला ‘प्रयोगजीवी कला’ रूढ आहे. घोडं अडलंय ते या वाक्यापाशी: ‘विद्यार्थ्याने वर्षअखेरीस स्वतःचा ---- करावा व त्याची नोंद ठेवावी.’ रिकाम्या जागी काय घालू? शुक्रवारी द्यायचंय.

रफार
प्रयोगच. नाट्यशास्त्रापासून चालत आलेला शब्द आहे, त्याला बाजूला का सारायचं? प्र + युज्, जोडणे, जुंपणे. शब्दाला देह जुंपला की प्रयोग. बाईंना प्रयोगशाळा आठवली म्हणून शब्द टाकून द्यायचा नसतो.

अर्धविराम
रफार, व्युत्पत्ती मान्य, पण वापराचं काय? मराठीत प्रयोग मोजतात. पहिला प्रयोग, पन्नासावा प्रयोग. संहिता तीच, उद्या पुन्हा पडदा वर. आता तेचिंग श्ये या परफॉर्मन्स आर्ट करणाऱ्या कलावंताचं काम घ्या. एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१, न्यूयॉर्कमधल्या आपल्या जागेत दर तासाला कामगारांच्या हजेरीच्या घड्याळात कार्ड घालायचं. रात्रीसुद्धा. दर वेळी सिनेकॅमेऱ्यावर स्वतःची एकच चौकट टिपायची. सुरुवातीला डोकं भादरलं होतं, त्यामुळे फितीत केस वाढत जाताना दिसतात. ठरल्या वेळा ८,७६०. याचे प्रयोग किती? एक की ८,७६०? ‘प्रयोग’ म्हटलं की हा प्रश्न उगाच उभा राहतो.

रफार
पुन्हा होत नाही हे कोणी सांगितलं? योको ओनोचं ‘कट पीस’ १९६४ साली क्योतोत झालं, मग टोकियोत, १९६५ ला न्यूयॉर्कमध्ये, पुढे लंडनमध्ये, आणि २००३ मध्ये तिने स्वतःच पॅरिसमध्ये ते परत केलं. ती स्तब्ध बसायची, समोर कात्री, प्रेक्षकांनी एकेक करून तिच्या कपड्याचा तुकडा कापून न्यायचा. याच्या सूचना लिहिलेल्या आहेत. लिहिलेल्या सूचना म्हणजे संहिता. २००५ मध्ये मारिना अब्रामोविच या परफॉर्मन्स आर्टमधल्या कलावतीने न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सात रात्रींपैकी पाच रात्री दुसऱ्यांच्या जुन्या कृती नव्याने केल्या. हे प्रयोग नव्हेत तर काय?

अनुस्वार
मी हा विषय शिकले आहे, म्हणून राहवत नाही. पहिल्या सत्रात मी दोन तास एक मोठी चादर घडी घालत आणि उलगडत बसले होते. दीड तासानंतर बोटांची पेरं सोलवटली, घडीचे कोपरे जुळेनात, आणि मला ते जुळवायचेच होते. संपल्यावर नाट्यविभागातल्या एका मित्राने विचारलं, ‘तू कोण होतीस?’ चित्रकलेच्या मैत्रिणीने विचारलं, ‘मग आता काय उरलं?’ मी कोणीच नव्हते, मीच होते. आणि उरलं होतं फक्त चुरगळलेलं कापड. या दोन प्रश्नांच्या मधली जागा म्हणजे हा विषय. ‘प्रयोग’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कला’ म्हटलं की दुसरा. दोन्ही शब्द जोडून प्रश्न मिटत नाहीत.

काना
अनुस्वार, फार नेमकं. पण सादरीकरणाला इतकं हिणवू नका. स + आदर, आदरासह पुढे ठेवणं. देह पुढे ठेवायचा तर यापेक्षा सुंदर शब्द कुठला?

मात्रा
‘सादर प्रणाम’मधला सादर तुम्ही म्हणता तोच, स + आदर. ‘सादर करणे’ मात्र मला त्या घरचं वाटत नाही. अरबीत सादिर म्हणजे बाहेर पडलेला, जारी झालेला. उर्दूत हुकूम सादिर होतो. आपल्याकडे अहवाल सादर होतो, त्यात आदर कुठे आहे?

काना
अहवाल वरिष्ठांपुढेच ठेवतात, आदर तिथेच आहे. प्रत्येक शब्दाचं मूळ फारसी-अरबीत शोधायचं आणि संस्कृतचा हक्क नाकारायचा, हे मला पटत नाही.

मात्रा
हक्काचा प्रश्नच नाही. हुकूम वरून खाली सुटतो, अहवाल खालून वर जातो, दोन्हीत वस्तू ‘निघते’. अर्थ त्या बाजूने जुळतो, एवढंच म्हणतोय.

रफार
हा वाद स्वतंत्र धाग्यात न्यावा. तरी मात्रांशी सहमत.

पूर्णविराम
‘कलाकृती’ या शब्दाकडे कोणी पाहिलंच नाही. त्यात कृती आहे, म्हणजे करणं. आपण ती भिंतीवर टांगून टांगून तिची वस्तू करून टाकली. या कलावंतांनी नेमकं तिच्यातलं करणं परत काढलं. म्हणून ‘कृतिकला’. ‘इन्स्टॉलेशन’ला, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेल्या कलाकृतीला, ‘मांडणशिल्प’ आधी विचित्रच वाटलं असेल, आता कलेवर लिहिणारे सहज लिहितात.

अर्धविराम
कल्पना आवडली, पण ‘कृतिकला’ ऐकून मला कागदकाम आणि मातीकाम आठवतं. आणि लोक ‘कृतीकला’ लिहिणार.

पूर्णविराम
लिहू देत, पण बरोबर ऱ्हस्वच. संस्कृतात मुळात ऱ्हस्व असलेला तत्सम शब्द समासात आधी आला की ऱ्हस्वच: कविसंमेलन, बुद्धिवैभव.

काना
तो नियमच बदलायला हवा. बोलताना कोण ऱ्हस्व उच्चारतं?

अनुस्वार
१९७४ साली नेपल्समध्ये अब्रामोविच सहा तास उभी होती. टेबलावर ७२ वस्तू, त्यांत गुलाब होता, मध होता, आणि पिस्तूल व एक गोळीही. लोकांनी तिच्यावर काय वाटेल ते करायचं. तिथे कृती प्रेक्षकांची होती, तिची नव्हे. तिने काही ‘केलं’ नाही, ती होऊ देत होती. मग ‘कृतिकला’ कोणाची?

पूर्णविराम
उभं राहायचं ठरवणं हीच कृती.

वेलांटी
सगळं वाचलं, खूप मिळालं. पण माझी रिकामी जागा तशीच आहे, आणि आता तिच्यापुढचं ‘करावा’सुद्धा खटकायला लागलंय. चित्र काढतात, शिल्प घडवतात, नाटक बसवतात, त्याचा प्रयोग लावतात. अनुस्वार, त्या चादरीच्या दोन तासांबद्दल घरी सांगताना तुम्ही कोणतं क्रियापद वापरलं होतं?

अनुस्वार
‘आज मी बसले होते’ एवढंच म्हणाले होते.