शेळीची दगडी (कासेची सूज) तिसऱ्यांदा उलटली, रिपोर्टमध्ये 'एस' असूनही औषध लागू का पडत नाही?

मालवणी_गोठा
नमस्कार मंडळी. मालाड मालवणीत अकरा शेळ्या आहेत, सिरोही आणि उस्मानाबादी. एका सिरोहीची डावी कास तिसऱ्यांदा सुजली आहे. दुसरं वेत, व्यायला अडीच महिने, वजन अंदाजे 35 किलो. पहिल्या खेपेला एन्रोफ्लॉक्सासिन 10 टक्के, रोज 1 मिली, तीन दिवस. दुसऱ्या खेपेला सेफ्ट्रायॅक्सोन, तेही तीन दिवस. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी दूध स्वच्छ दिसायला लागलं आणि पंधरवड्यात पुन्हा गुठळ्या. आता ताप नाही, चारा खाते, पण सडाच्या वर लिंबाएवढी टणक गाठ लागते.

यावेळी दूध तपासून घेतलं. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू आला. पुढच्या ओळींत एस म्हणजे औषध लागू, आर म्हणजे प्रतिरोधक, आणि मिमी म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जीवाणू न उगवलेल्या वर्तुळाचा व्यास. पेनिसिलिन 14 मिमी आर, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह एस, टेट्रासायक्लिन आर, एन्रोफ्लॉक्सासिन एस, जेंटामायसिन एस. खाली सेफॉक्सिटिन 18 मिमी असं छापलंय, त्यापुढे एस-आर काहीच नाही. एन्रो 'एस' आहे तर मग लागू का पडलं नाही? आणि आता काय द्यायचं?

सडरक्षक
गाठ राहिली म्हणजे औषध आतपर्यंत पोचत नाही. क्लॉक्सासिलिनची ट्यूब सोडा थेट सडात, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. पेनिसिलिन आर असलेल्या स्टॅफवर तीच चालते.

डॉ_खूर
थांबा, ट्यूब सोडू नका. रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे जिच्यापुढे काही लिहिलेलं नाही.

सेफॉक्सिटिनची 30 मायक्रोग्रॅमची चकती उपचारासाठी लावत नाहीत. ती मेथिसिलिनला (पेनिसिलिनच्या भावकीतलं औषध) दाद न देणारा स्टॅफ ऑरियस, म्हणजे एमआरएसए, ओळखायला लावतात. ऑरियससाठी 22 मिमी आणि वर ठीक, 21 आणि खाली म्हणजे प्रतिरोधक. तुमचे 18 आहेत. हा एमआरएसए धरून चालायचं आणि लॅबला मेकए (हा प्रतिरोध देणारं जनुक) शोधणारी पीसीआर तपासणी करून खात्री करायला सांगायचं. एमआरएसए असला की पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, क्लॉक्सासिलिन, सेफ्ट्रायॅक्सोन ही अख्खी भावकी बाद. या औषधांनी जीवाणूच्या पेशीभिंतीतलं जे प्रथिन पकडायचं, त्याच्या जागी दुसरंच प्रथिन बसलेलं असतं आणि औषधाला तिथे पकड मिळत नाही. अमॉक्सिक्लॅव्हपुढचा 'एस' त्यामुळे खोटा, तो आर असाच वाचायचा. दुसऱ्या खेपेचं कोडंही इथेच सुटतं. सेफ्ट्रायॅक्सोन पहिल्या दिवसापासून निकामी होतं. दूध चार दिवस सुधारलं ते शेळीच्या स्वतःच्या ताकदीवर.

एन्रोचं मात्र वेगळं आहे, तिथे प्रतिरोध नाही, हिशेब चुकला. मात्रा किलोला 5 मिग्रॅ. 35 किलोला 175 मिग्रॅ, म्हणजे 10 टक्क्यांच्या बाटलीतून 1.75 मिली. तुम्ही 1 मिली दिलं, किलोला 3 मिग्रॅसुद्धा पडलं नाही. शेळी डोळ्यांनी जोखून सुई भरायची सवय फार वाईट. जे जीवाणू मेले ते मेले, उरले ते कमी मात्रेवर तग धरायला शिकतात. त्यात ऑरियस कासेत छोटे गळू करून बसतो, भोवती तंतूंची भिंत तयार होते आणि रक्तातून आलेलं औषध आत शिरत नाही. तुमची लिंबाएवढी गाठ बहुधा तीच. लॅबमध्ये जीवाणू उगवतात त्या बशीत ही भिंत नसते, म्हणून कागदावर 'एस' आणि गोठ्यात शून्य. जेंटामायसिनच्या मोहात पडू नका. ते दुधात जेमतेम उतरतं आणि मूत्रपिंडात महिनोन्‌महिने राहतं.

गाठीसह तिसऱ्यांदा उलटलेली आणि वर एमआरएसएचा संशय, अशा शेळीला मी आणखी अँटिबायोटिक देणार नाही. सूज-वेदनेला मेलॉक्सिकॅम किलोला 0.5 मिग्रॅ, आणि शेळी कळपातून काढायची. मेलॉक्सिकॅमच. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक 2023 पासून.

एक धोक्याची सूचना, कोणी टिल्मिकोसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुचवलं तर साफ नाही म्हणा. मेंढीला चालतं, शेळी जागेवर दगावू शकते.

सडरक्षक
बरोबर, सेफॉक्सिटिनची ओळ मी नजरेआड केली. क्लॉक्सासिलिनचं म्हणणं मागे.

चकती_आणि_बशी
लॅबकडून थोडी भर. पेनिसिलिनचा नुसता व्यास वाचून भागत नाही, वर्तुळाची कडा बघा. डोंगरकड्यासारखी तुटलेली, धारदार असेल तर जीवाणू पेनिसिलिन फोडणारं विकर (एन्झाइम) बनवतोय. समुद्राच्या वाळूसारखी हळूहळू विरळ होत गेली असेल तर नाही. हे रिपोर्टवर छापून येत नाही, लॅबवाल्याला विचारावं लागतं.

नमुन्यात होणाऱ्या चुका तर अगणित. औषधाआधी घ्यायचा. कास धुवून कोरडी करायची, ओल्या कासेतून पाणी ओघळून नळीत जातं. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात, जमिनीवर नाही. मग 70 टक्के स्पिरिटचा बोळा, प्रत्येक सडाला नवीन. लांबचा सड आधी पुसा आणि जवळचा नंतर. धार काढताना उलट, जवळचा आधी. नाहीतर हात पुसलेल्या सडावर घासतो. नळी आडवी धरा, झाकणाची आतली बाजू कशाला टेकवू नका, 2-3 मिली पुरे. थर्मासात बर्फ घालून त्याच दिवशी पोचवा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे. मुंबईच्या दमट हवेत नळी दुपारभर पिशवीत राहिली की तीन-चार जातींची खिचडी उगवते आणि त्यातून काहीच अर्थ निघत नाही.

ऑरियस रोज दुधात येतोच असं नाही. बाकीच्या दहा शेळ्यांचं एकच कल्चर (बशीवर जीवाणू उगवून पाहणं) निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, आठवड्याच्या अंतराने तीनदा घ्या. काहीच उगवलं नाही, पण दोन्ही बाजू आटत चालल्यात, सांधे सुजलेत, डोळे लाल आहेत, तर मायकोप्लाझ्मा या जीवाणूची तपासणी मागा. त्याला पेशीभिंतच नसते, त्यामुळे पेनिसिलिनच्या भावकीचं तिथे काही चालत नाही. साध्या बशीवर तो उगवतही नाही.

मालवणी_गोठा
डॉक्टर, खूप आभार. दोन शंका. बाकीच्यांची छुपी दगडी घरी कशी ओळखू? आणि दूध उकळून विकलं तर चालेल ना? पावसाळ्यात डेंग्यू सुरू झाला की गोवंडी-कुर्ल्यापासून लोक शेळीचं दूध शोधत येतात, कच्चंच पितात.

डॉ_खूर
डेंग्यूत प्लेटलेट वाढवण्यासाठी कच्चं दूध पिणं हा उगाच पसरलेला समज आहे, आणि त्यातून ब्रुसेला हा रोगजंतू घरी येतो. या शेळीचं दूध उकळूनही विकू नका. उकळल्याने जीवाणू मरतात. ऑरियसने आधीच सोडलेलं विष उकळीला दाद देत नाही, बहुतेक अँटिबायोटिकही टिकून राहतात. ज्या दुधाचं दही लागत नाही त्यात औषध असू शकतं, कारण विरजणातले जीवाणूच मरतात. लागलं म्हणजे औषध नाही, असं मात्र नाही.

2012 पासूनचा नियम असा, की लेबलवर त्या जनावरासाठी तपासलेला मुदतकाळ नसेल तर शेवटच्या सुईपासून दूध किमान 7 दिवस आणि मांस किमान 28 दिवस वापरायचं नाही. गायीसाठी छापलेले दिवस शेळीला लावू नका. देवनारच्या कत्तलखान्यात न्यायची असेल तर 28 मोजा. दुभती म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नका.

चकती_आणि_बशी
घरच्या चाचणीसाठी अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपड्यांची पावडर. पेल्यात 2 मिली दूध, तेवढंच द्रावण, दहा सेकंद गोल फिरवायचं. चिकट, शेंबडासारखं झालं की दुधात दाहाच्या पेशी वाढल्यात. पण शेळीत निरोगी दूधही थोडं दाटतं, वेताच्या शेवटी आणि माजावर तर नक्कीच. म्हणून डावी-उजवी बाजू शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखी किंचित दाट असतील तर सोडा. एक पाण्यासारखी आणि दुसरी शेंबडासारखी असेल तर त्या बाजूचा नमुना पाठवा.

सडरक्षक
कळपाचं मी सांगतो. पहिलटकरणी आधी पिळा, मग निरोगी, शंका असलेल्या शेवटी. धार काढून झाल्यावर लगेच सड बुडवा: 5 टक्के पोविडोन आयोडीन पाणी न घालता, त्यात उपलब्ध आयोडीन 0.5 टक्के असतं. बरेच जण चहाच्या रंगाचं पाणी करतात, त्याने नुसता सड रंगतो. चीर पडत असेल तर थोडं ग्लिसरीन, दहाव्या भागापेक्षा जास्त नको. बुडवल्यावर अर्धा तास चारा टाकून उभ्या ठेवा, सडाचं तोंड मिटेपर्यंत ओल्या फरशीवर बसू द्यायच्या नाहीत.

या सिरोहीचं करडू वेगळं केलंत का? ते दुसऱ्या शेळ्यांना लुचतं आणि तोंडातून रोग नेतं. तिचं दूध त्याला पाजूही नका. आणि पिळणाऱ्याच्या बोटाला फोड किंवा जखम आहे का तेही पाहा. एमआरएसए दोन्ही दिशांनी जातो, माणसाच्या नाकातही ठाण मांडतो.

मालवणी_गोठा
करडू अजून बरोबरच होतं, आज बाजूला केलं. पिळणाऱ्या मुलाच्या अंगठ्याला नखुरडं आहे, त्याला दवाखान्यात पाठवतोय. पीसीआरचं कळलं की इथेच टाकतो.