रीफ टाकी (प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी): आधी प्रवाळ, मासे नंतर. पटतंय का?

खारवट
नवीन टाकी लावणारा माणूस काय करतो? मीठ कालवतो, दगड रचतो आणि आठवड्याच्या आत क्लाउनफिशची जोडी सोडतो. मीही तेच केलं. ९० लिटरची टाकी, दोन क्लाउन, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी), चारदोन मशरूम कोरल. दीड महिन्याने हौसेने एक गोबी मासा आणला आणि पुढच्या दहा दिवसांत क्लाउनच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. औषध आहे, तांब्याचं. पण तांबं रीफ टाकीत घातलं की श्रिम्प, गोगलगायी, प्रवाळ सगळ्यांचा निकाल, शिवाय दगड ते शोषून घेतात. मासे धरायला गेलो तर ते कपारीत. बघत बसलो, झालं.

म्हणून आता माझा हट्ट असा: अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की गोगलगायी, हर्मिट खेकडे आणि मऊ प्रवाळ टाका. मासा अडीच महिने नाही. ठिपक्यांचा तो परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशावर काही दिवस काढतो, मग गळून पडतो आणि दगडावर, काचेवर, गोगलगायीच्या शंखावरसुद्धा कोष करून बसतो. कोष फुटला की शेकडो पिल्लं पोहत सुटतात. त्यांना एकदोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. उशिरा फुटणारे कोष ७२ दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून ७६ दिवस टाकी बिनमाशांची ठेवायची. प्रवाळाला हा रोग होत नाही. मग प्रवाळाने आधी यायला काय हरकत आहे?

भरतीओहोटी
हरकत आहे, आणि ती तपकिरी रंगाची असते.

कोरडे दगड, नवी वाळू, शून्य टीडीएसचं (सगळे क्षार गाळलेलं) पाणी वापरून कालवलेलं मीठ, मासे नाहीत, म्हणजे खाणं नाही, म्हणजे विष्ठा नाही. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. नवख्याला वाटतं, वा, काय निर्मळ पाणी! आणि मग एके दिवशी डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशीय जीव) येतात. बुडबुडे अडकलेला चिकट तपकिरी लेप, रात्री विरळ होतो, दिवे लागले की परत. माझ्या टाकीत चार महिने होता. गोगलगायी तो खाऊन मेल्या.

प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल उजेडावर साखर करतं, हे खरं. पण नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यातूनच यायला हवेत. समुद्रात प्रवाळावर माशांचे थवे असतात ते काही शोभेसाठी नाही. दोन मासे रोज खातात आणि हगतात, यावर टाकी जगते. (शब्दाबद्दल क्षमा, पण रीफचं सगळं शास्त्र तिथंच येऊन थांबतं.)

खारवट
मग खाणं घालायला मासाच कशाला हवा? रोज चिमूटभर खाणं श्रिम्पसाठी टाका. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास ठेवा. तुमचे डायनो मासे नव्हते म्हणून नाही, मोजमाप नव्हतं म्हणून आले.

चिमटीभर मीठ
मी अजून काठावरच आहे, टाकी रिकामी आहे. खारवट, तुमचं पटतंय, पण घरात सात वर्षांचा मुलगा आहे. त्याला ७६ दिवस दगड दाखवू? सासूबाईंनी आत्ताच विचारलंय, "एवढा खटाटोप करून गोगलगाय पाळणार का?" एक भाबडा प्रश्न: टाकीत जन्मलेले क्लाउन घेतले तर रोगाची भानगडच नाही ना?

अण्णा रीफवाले
ताई, टाकीत जन्मलेले जरूर घ्या. ते तयार खाणं पटकन घेतात आणि समुद्रातून एक मासा कमी उचलला जातो. पण विक्रीच्या जागी त्यांचं पाणी इतर माशांच्या पाण्याला जोडलेलं असेल, तर ठिपके त्यांनाही होतात. जन्मदाखला बघून रोग येत नाही.

आता दोघांनाही. भांडण क्रमाचं आहे असं वाटतं, पण ज्याला नवे मासे वेगळे ठेवायला क्वारंटाइन टाकी लावायची तयारी आहे त्याला हा प्रश्नच उरत नाही. ४० लिटरची उघडी टाकी, आधीच मुरवलेला स्पंज फिल्टर, लपायला पाइपचे तुकडे. दगड नाही, वाळू नाही. मोठी टाकी सायकल होतेय, म्हणजे तिथला अमोनिया-नायट्राइट शून्यावर येतोय, त्या चारसहा आठवड्यांत मासे इथे तांब्याच्या औषधात. डोस औषधागणिक वेगळा, त्यामुळे टेस्ट किटशिवाय नको. मुलाला मासे दिसतात, दगडही मुरतात.

पण खारवट, तुमच्या 'प्रवाळ आधी'ला माझा खरा विरोध वेगळ्या कारणाने आहे. मासा आपली चूक पोटात घालतो, प्रवाळ घालत नाही. ४० लिटरच्या टाकीतून दोन लिटर पाणी उडालं तर मीठ मागेच राहतं आणि खारटपणा दर हजारी ३५ वरून जवळजवळ ३७ वर जातो. क्लाउनला काही वाटत नाही. मग आपल्याला आठवण होते, दोन लिटर गोडं पाणी एकदम ओततो, आणि प्रवाळ मिटून बसतं. ज्याला रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५च्या द्रावणाने जुळवून घ्यायचा असतो हे अजून माहीत नाही, त्याच्या हाती आधी मासाच द्यावा.

खारवट
अण्णा, मी खडे, म्हणजे कठीण सांगाड्याचे, प्रवाळ म्हणतच नाहीये. अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद) एका दिवसात दोन अंशांनी हलली की त्यांची टोकं जळतात, मान्य. मशरूम, झेनिया, झोएन्थिड हे मऊ प्रवाळ सगळं सोसतात.

अण्णा रीफवाले
झोएन्थिडचं नाव घेतलंत म्हणून नवख्यांसाठी: काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा. आणि तो दगड नकोसा झाला म्हणून उकळायला कधीही ठेवू नका. त्या वाफेने अख्खी घरं दवाखान्यात गेली आहेत.

भरतीओहोटी
खारवट, तुमच्या हिशेबात एक भोक आहे. कोष शंखावर आणि दगडावर बसतो, असं तुम्हीच लिहिलंत. मग फ्रॅगच्या (विकत आणलेल्या प्रवाळाच्या तुकड्याच्या) बुडाला पण बसणार. सत्तराव्या दिवशी मोह झाला आणि नवा फ्रॅग टाकलात, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि मासे आल्यानंतर? पुढची दहा वर्षं प्रवाळ घेणारच नाही का?

खारवट
हे मात्र बिनतोड. शेवटचा फ्रॅग टाकला त्या दिवसापासून मोजायचं, हे मी लिहायला हवं होतं. मासे आल्यावर येणारा प्रत्येक फ्रॅग मी वेगळ्या बिनमाशांच्या डब्यात ७६ दिवस ठेवतो. हो, घरात आता तीन टाक्या आहेत. बायको मोजते.

भरतीओहोटी
म्हणजे नवख्याला सांगायचं काय, एक टाकी लावायला तीन लावा?

चिमटीभर मीठ
सात आठवड्यांनी परत आले. अण्णांचं ऐकून क्लाउन वेगळ्या टाकीत ठेवलेत, महिना झाला, खातायत. मोठ्या टाकीत पाच गोगलगायी आणि एक हिरवं मशरूम. मुलगा दिवे मालवायच्या आधी मशरूम मिटतंय का बघायला स्टूल घेऊन बसतो, माशांकडे फिरकतही नाही. आज सकाळपासून वाळूवर एक तपकिरी डाग दिसतोय, रुपयाएवढा.

भरतीओहोटी
नायट्रेट किती?

चिमटीभर मीठ
शून्य.

भरतीओहोटी
खारवट, या इकडे.