ग्रँड कॅन्यनसारखी दरी संगणकावर उभी करायची आहे – सॉफ्टवेअर आणि पद्धत सुचवा

खडीसाखर

नमस्कार मंडळी,

मैत्रिणीच्या छोट्या अ‍ॅनिमेशनपटासाठी ४० सेकंदांचं हवाई दृश्य करतेय. पहाट, कॅमेरा ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून दरीत उतरतो आणि नदीशी येऊन थांबतो. अमुकच जागा ओळखू यावी असा हट्ट नाही, पण बघणाऱ्याला अ‍ॅरिझोना वाटलं पाहिजे.

आतापर्यंतचे उद्योग: गाया या भूभाग घडवायच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत एक डोंगर घेतला, खाच पाडली, वर इरोजनचा (झिजेचा) नोड, म्हणजे एकेक क्रिया करणारा ठोकळा, टाकला. निघालं ते हिमालयाचं पिल्लू. धारदार सोंडा, जिकडेतिकडे अरुंद घळी. मग टेरेसचा (पायऱ्या पाडणारा) नोड लावला, तर चक्क बारव झाली. एकसारख्या पायऱ्या, खाली पाणी. घरचे म्हणाले, "छान आहे, राजस्थान का?"

सॉफ्टवेअर बदलू का? की उंचीचा खरा डेटा आणून वापरू? लॅपटॉप १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड ६ जीबी. बजेट चहापाण्यापुरतं.

पिक्सेलपंत

बारव 😂

गाया सोडू नका. वर्ल्ड मशीन, वर्ल्ड क्रिएटर, टेराजेन, हूडिनी, सगळीकडे हात भाजून झालेत. तुमचं दुखणं सॉफ्टवेअरचं नाही. टेराजेनचं आकाश मला अजूनही सगळ्यांत आवडतं, पण ४० सेकंद म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबाने ९६० फ्रेम, तुमच्या लॅपटॉपवर दिवाळी उजाडेल. भूभाग गायात, रेंडर (अंतिम फ्रेम काढणं) ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरच्या ईव्ही या झटपट इंजिनात. मोफत आवृत्त्यांचा परवाना तेवढा नीट वाचा. चित्रपट विकायचा असेल तर अडचण येऊ शकते.

दगडधोंडा

भूविज्ञान शिकलो, पोटासाठी भलतंच करतो, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

ताई, इरोजनचा नोड जसाच्या तसा लावला की अख्खा डोंगर एकाच कठीणपणाचा धरला जातो. पाणी सगळीकडे सारखं कापतं आणि हिमालयाचं पिल्लू जन्माला येतं. ग्रँड कॅन्यनचं रूप ठरतं ते खडकांच्या क्रमावरून. नॉइज, सीड वगैरे (कसाही येणारा खडबडीतपणा ठरवणारी बटणं) नंतर. आधी कागदावर दरीचा उभा छेद काढा.

अगदी वर कैबाब चुनखडक, हा कडा. थोडं खाली कोकोनिनो वालुकाश्म: सायीच्या रंगाचा, उभा, साधारण १०० मीटर. दूरवरून दरीभर जो फिकट पट्टा दिसतो तो हाच. त्याखाली हर्मिट, लाल आणि मऊ, म्हणून तिथे कडा नाही, उतार. मग सुपाई, यात कठीण-मऊ थर आलटून पालटून, म्हणून बारक्या पायऱ्या. मग रेडवॉल चुनखडक, जवळजवळ दीडशे मीटरचा सलग कडा. दरीत उतरणाऱ्या वाटा इथे अडतात. पुढे म्युआव्ह, आणि त्याखाली ब्राइट एंजल शेल. हा हिरवट आणि इतका मऊ की त्यावर रुंद माची तयार झाली आहे, टोंटो प्लॅटफॉर्म. आपल्या किल्ल्यांवर माची असते ना, तशीच, फक्त मैलोन्‌मैल पसरलेली. माचीच्या कडेला टॅपीट्सचा छोटा तपकिरी कडा, आणि त्याच्या खाली विष्णू शिस्ट. काळा, स्फटिकी, आडवे थर नाहीतच. तिथे नदीने अरुंद, खडी घळ कापली आहे. म्हणजे तुमचं हिमालयाचं पिल्लू टाकून देऊ नका, ते तळाशी कामाला येईल!

कडे उभे का राहतात? खालचा मऊ थर झिजतो, वरच्या कठीण थराचा आधार जातो, मोठमोठे ठोकळे कोसळतात. कडा मागे सरकतो पण उभाच राहतो, पायथ्याशी घसारा (सुट्या दगडांचा ढीग) साचतो. तेव्हा पायऱ्या समान उंचीच्या नकोत. टेरेसचा आकडा वाढवत बसण्यापेक्षा उंचीचा वक्र हाताने काढा: कोकोनिनो आणि रेडवॉलला मोठी उडी, हर्मिटला तिरका उतार, टोंटोला जवळजवळ सपाट. मग थर्मलचा (सुटे दगड खाली घसरवणारा) नोड हलक्या हाताने, कड्यांच्या पायथ्याशी घसारा येण्यापुरता. पाण्याचं इरोजन सगळ्यांत शेवटी आणि अगदी थोडं.

दुसरी गोष्ट, थर पाण्याच्या पातळीसारखे सपाट नाहीत, दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. सपाट टेरेस डोळ्याला लगेच खटकतात. युक्ती सोपी: टेरेसच्या आधी भूभागात एक तिरका ग्रेडियंट (एका बाजूकडून दुसरीकडे सलग वाढत जाणारी उंची) मिळवा, टेरेस लावा, मग तोच ग्रेडियंट वजा करा. पायऱ्या कलतात, बाकी भूभाग जागेवर राहतो.

आणि या कलाचाच एक परिणाम बहुतेक जण विसरतात. उत्तर काठ दक्षिणेपेक्षा साधारण ३०० मीटर उंच आहे. तिथलं पाणी दरीत येतं, दक्षिण काठावरचं दरीपासून लांब जातं. म्हणून उत्तरेच्या उपदऱ्या लांब, फाटे फुटलेल्या, आणि दक्षिणेच्या आखूड. नदीही दक्षिण काठाला जवळ. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या केल्या की खोटं पकडलं जातं.

उनाड_उंट

विष्णू शिस्ट? दगडू, थापा मारू नकोस.

दगडधोंडा

शप्पथ. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८० च्या सुमारास तिथल्या सुळक्यांना देवादिकांची नावं द्यायला सुरुवात केली. विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिव टेंपल, तिन्ही नकाशावर आहेत. शिस्टचं नाव त्याच विष्णूवरून. तो खडक पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपासचा आहे, त्यामुळे नाव शोभतं.

फिनिक्सकर

दगडधोंडा यांना साष्टांग. पण वक्र काढत बसण्याआधी खरा डेटा बघाच. यूएसजीएस या अमेरिकी सरकारी भूसर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर उंचीचे रास्टर (चौकोनी जाळीत मांडलेले आकडे) फुकट मिळतात, सुमारे १० मीटरच्या जाळीचे. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडा, हवा तेवढा तुकडा कापा. अंशांतून मीटरमध्ये आणायला विसरू नका, त्यासाठी यूटीएम ही मीटरमध्ये मोजणारी नकाशापद्धत, झोन १२ उत्तर. तिथल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ९० किलोमीटर आणि अक्षांशाचा १११, त्यामुळे तसाच वापरला तर दरी पूर्व-पश्चिम ताणलेली दिसते.

आम्ही इथून साडेतीन तासांत दक्षिण काठाला पोचतो, पाहुणे आले की वारी ठरलेली. प्रत्येकाचा पहिला शब्द "केवढी खोल!" असतो, पण प्रत्यक्षात ती खोल आहे त्याहून कितीतरी रुंद आहे. दक्षिण काठावरच्या गावापाशी समोरचा काठ १६ किलोमीटरवर, खोली दीडएक किलोमीटर. म्हणजे एकास दहा. संगणकावर सगळे उंची दुप्पट करतात आणि ती भेग दिसायला लागते. मोठेपणा दाखवायचा तर उंची ताणू नका, हवा दाखवा. समोरचा काठ निळसर, रंग उडालेला दिसला पाहिजे.

खडीसाखर

सगळ्यांचे खूप आभार, वाखूसा (वाचनखूण साठवली). डेटा आणला, यूटीएम केलं, पीएनजी करून ब्लेंडरमध्ये डिस्प्लेस (चित्रातल्या छटेप्रमाणे पृष्ठभाग वर-खाली करणारी सोय) लावला. आता तीन नवी दुखणी. टोंटोची माची जवळजवळ नदीत बुडाली आहे. उतारांवर बारीक बारीक पायऱ्या दिसतात, ज्या खडकाच्या नक्की नाहीत. आणि कड्यांवरचं टेक्स्चर (वर चिकटवलेलं खडकाचं चित्र) पिठलं ओघळावं तसं खाली ओघळलंय.

पिक्सेलपंत

तिन्ही ओळखीची भुतं.

माची बुडाली कारण ब्लेंडर तुमच्या पीएनजीला फोटो समजतोय. इमेजचं कलर स्पेस (छटांचे आकडे कसे वाचायचे ते सेटिंग) एसआरजीबी, म्हणजे फोटोसाठीचं, असणार, ते नॉन-कलर, म्हणजे आकडे जसेच्या तसे, करा. एसआरजीबीमध्ये मधल्या राखाडी छटा खाली दाबल्या जातात. ०.५ चं जवळजवळ ०.२ होतं, माची तर त्याहून खाली. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय, डेटाच खराब म्हणून तीनदा उतरवला.

पायऱ्या म्हणजे फाइल ८ बिटची गेली. २५६ पातळ्या, दरी १८०० मीटर धरली तर एक पायरी ७ मीटरची! १६ बिटने काढा, ६५,५३६ पातळ्या, म्हणजे पायरी तीन सेंटिमीटरपेक्षा कमी.

टेक्स्चर: वरून प्रोजेक्ट केलेलं चित्र उभ्या कड्यावर ताणलं जाणारच. १० मीटरच्या जाळीत रेडवॉलचा कडा आडवा जेमतेम काही पिक्सेल व्यापतो. त्यामुळे बॉक्स प्रोजेक्शन (चित्र वरून आणि बाजूंनीही टाकणं) लावा, आणि थरांचे रंग चित्रातून न घेता उंचीवरून कलर रॅम्पने (उंचीप्रमाणे रंग ठरवणाऱ्या पट्टीने) द्या, त्यात थोडा नॉइज आणि दगडूंचा तो तिरपा ग्रेडियंट मिसळून. कॅमेरा जवळ येतो तिथे १० मीटर पुरत नाहीत, तेवढा तुकडा गायात वेगळा घडवा. आणि हाइटमॅपमध्ये (उंचीच्या अशा चित्रात) एका बिंदूला एकच उंची असते, पुढे झुकलेला कडा त्यात येतच नाही. तिथे खडकांचे मेश (थ्रीडी आकार) सुटे ठेवा.

दगडधोंडा

रंग रॅम्पने देताय तर एक: रेडवॉल मुळात राखाडी आहे! वरच्या सुपाई-हर्मिटमधलं लोह पावसाने ओघळून त्याला लाल करतं. ताजा कोसळलेला भाग राखाडीच दिसतो. सपाट लाल ओतू नका, वरून खाली येणारे ओघळ द्या, मधूनमधून काळे पट्टे.

उनाड_उंट

थोडक्यात, पिठलं ओघळलं ते बरोबरच होतं.

खडीसाखर

नॉन-कलर आणि १६ बिटने जादू झाली, माची वर आली! कोकोनिनोचा फिकट पट्टा लावल्याबरोबर घरच्यांनी कुणी न सांगता "अमेरिका" म्हटलं. आता फक्त नदी. प्लास्टिकची फीत वाटते, आणि रंग हिरवा की मातकट हेच ठरेना.

फिनिक्सकर

दोन्ही खरे. ग्लेन कॅन्यन धरणाने १९६३ पासून वरचा गाळ अडवला, तेव्हापासून एरवी हिरवट. उन्हाळ्यातला मॉन्सून (हो, इथेही त्याला मॉन्सूनच म्हणतात) उपनद्यांना लोंढे आणतो तेव्हा विटकरी. मातकट घेतलीत तर चकाकीचा प्रश्न आपोआप कमी होईल.

पण मुळात काठावरून नदी फार थोड्या जागांवरून दिसते, आतल्या घळीत लपलेली असते. पाहुणे विचारतात, "नदी कुठाय?" तर कॅमेरा माचीच्या कडेशी पोचेपर्यंत तिला दाखवूच नका. आणि पहाट आहे ना? खाली उजेड फार उशिरा पोचतो. शेवटचे काही सेकंद सावलीतच ठेवा, अर्धी फीत तिथेच झाकली जाईल.